बापाचा दम

कार्डिंगमधल्या माणसाला सोमवार छातीवरून कळतो. सुटीनंतरचा पहिला दिवस, आणि छाती आवळते. माझ्या बापानं सूतगिरणीत कापसाची धूळ खाऊन उमर काढली. आधी फक्त सोमवारी त्रास. मग रोजच. या रोगाचं नाव बिसिनोसिस. धंद्यातून होणारा रोग म्हणून ते कायद्याच्या यादीत आहे. पण बापाच्या केसपेपरवर नुसतं ‘दमा’. दमा म्हटलं की गिरणी सुटली.

खात्यांना जात असते, हे जुनंच. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात आपल्या माणसांना घेत नसत. धोट्यातून धागा तोंडानं ओढावा लागे. थुंकीचा विटाळ होईल म्हणून. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल उभा केला. आमची थुंकी चालत नव्हती. आमची फुफ्फुसं मात्र चालतात.

पण दोस्तहो, धूळ फुफ्फुसातच थांबत नाही. दम लागला की माणूस घाबरतो. घाबरला की भराभर श्वास घेतो. आतली हवा पुरती निघत नाही, नवी मावत नाही. आणखी दम, आणखी भीती. मग तो जिना उतरणं सोडतो. चालणं सुटलं की पाय गळतात, आणि चार पावलांतही दम लागतो. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत पुढं असणारा माझा बाप आता भिंतीकडं तोंड करून पडतो. औषधाचा पंप हातात दिला तर म्हणतो, ‘‘कशाला? ऱ्हाऊ दे.’’

मी रिंग खात्यात आहे. रात्री त्याचा श्वास मोजत पडतो. सोमवारी स्वतःचाही.

दवाखान्यात नळीत फुंकायला लावतात, आकडा लिहितात. झोप लागते का, जगावंसं वाटतं का, कुणी विचारत नाही. वस्ती म्हणते, ‘‘म्हातारा खचला, दम धर म्हणावं.’’ जणू गरिबाचं मन आजारीच पडत नाही! ही उदासी, ही भीती हाही आजारच. त्याला इलाज आहे. औषध आहे, बोलणं आहे. ओठ मिटत आणून सावकाश श्वास सोडायचा, रोज थोडं चालायचं; यानंही माणूस पुन्हा उभा राहतो.

तेव्हा मागण्यांच्या कागदात हेही लिहा : खात्यात धुळीचं माप, केसपेपरवर रोगाचं खरं नाव, आणि छातीच्या डॉक्टरशेजारी मनाचा डॉक्टर. आणि आपल्या मिटिंगा तिसऱ्या मजल्यावर घेणं बंद करा. तळमजल्यावर घ्या. बापासारख्यांना आणायला दोघं जा. सावकाश चाला.