हिवाळ्यातला वर्षावास

अमरावती विहार,
हर्टफर्डशायर, इंग्लंड
माघ पौर्णिमेच्या आधी

प्रिय ताई,



तुझं पत्र मिळालं. फोन बंद करून ठेवलाय, म्हणून उत्तरही कागदावरच. तू आडपडदा न ठेवता विचारलंस ते बरं केलंस. तीन महिने डोळे मिटून बसणाऱ्या माणसांचा समाजाला काय उपयोग, आणि त्यांना रांधून वाढायला तू बिनपगारी रजा काढून का गेलीस? वर बाबासाहेबांचा दाखलाही दिलास. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेत त्यांनी हेच विचारलंय, की भिक्खू कशासाठी? परिपूर्ण माणूस घडावा म्हणून, की समाजाचा सेवक घडावा म्हणून? हा प्रश्न घेऊन मी इथे रोज बसते. आपल्या घरात वाढलेल्या माणसाला त्याला बगल देऊन ध्यान करता येत नाही.

आधी ही जागा सांगते. लंडनच्या वायव्येला चिल्टर्नच्या टेकड्यांवर लाकडी बराकींची एक जुनी निवासी शाळा होती, दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मुलांसाठी उभारलेली. १९८४ मध्ये अजान सुमेधो यांनी तिथे हा विहार सुरू केला. ते जन्माने अमेरिकन, पण घडले थायलंडच्या अरण्यपरंपरेत, अजान चा यांच्या हाताखाली. १९७७ मध्ये गुरू-शिष्य लंडनला आले ते हॅवरस्टॉक हिल नावाच्या रस्त्यावरच्या एका घरात उतरले. तिथून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर किंग हेन्रीज रोड आहे, आणि त्यावरच्या १० नंबरच्या घरात बाबासाहेब १९२१-२२ मध्ये विद्यार्थी म्हणून राहिले होते. महाराष्ट्र सरकारने ते २०१५ मध्ये विकत घेतलं, तुला माहीतच आहे. भिक्खूंचं ते घर ज्या इंग्लिश संघ ट्रस्टचं होतं, ती संस्था स्थापन झाली १९५६ मध्ये, म्हणजे नागपूरच्या दीक्षेच्याच वर्षी. या गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरी त्या भागातून चालताना मला परकं वाटत नाही.

तिथे हे भिक्खू रोज सकाळी पात्र घेऊन हॅम्पस्टेड हीथवर भिक्षेला निघायचे. त्या मैदानावर त्यांच्या पात्रात कोण काय घालणार! पण नियम आहे म्हणून निघायचे. १९७८ मध्ये तिथे धावायला येणाऱ्या एका माणसाशी त्यांची गाठ पडली, आणि त्याने ससेक्समधलं आपलं शंभर एकरांहून मोठं जंगल संघाला देऊन टाकलं. त्याच जंगलाजवळ चिथर्स्टचं पडकं घर घेऊन १९७९ मध्ये पहिला अरण्यविहार उभा राहिला. छपरं, भिंती, जमिनी, सगळं भिक्खूंनी आणि उपासकांनी स्वतःच्या हातांनी दुरुस्त केलं. ‘बसून राहणारी माणसं’ असं तू लिहिलंस, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आता हिवाळ्याचं. वर्षावास आषाढ पौर्णिमेला सुरू होतो हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. इथेही तो त्याच दिवसांत पाळतात. पण पावसात तीन महिने एका जागी राहायचा नियम झाला तो आपल्याकडच्या पावसामुळे. भिक्खू भर पावसात हिंडतात, कोवळं गवत आणि बारीकसारीक जीव तुडवतात, पाखरंसुद्धा या दिवसांत घरटं करून राहतात, अशी लोकांची तक्रार होती. बुद्धांनी ती ऐकली आणि नियम केला. इंग्लंडात जुलै-ऑगस्टमध्ये उलट उजेडच उजेड. लोकांची वर्दळ, शिबिरं, जंगलातली कामं सगळी तेव्हाच. इथला माणसाला खरोखर थांबवणारा ऋतू म्हणजे हिवाळा. जानेवारीत आठ वाजता कुठे सूर्य दिसतो आणि चार-साडेचारला मावळतो. झाडांवर पान नाही, जमीन गोठलेली. म्हणून या विहारांनी वर्षावासाशिवाय जानेवारी ते मार्च असे आणखी तीन महिने एकांताचे ठरवून टाकले. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. नियमाचं अक्षर तर त्यांनी पाळलंच, शिवाय स्वतःच्या आभाळाकडे मान वर करून बघितलं.

या महिन्यांत शिबिरं नाहीत, प्रवास नाहीत, बैठका नाहीत. बोलणं कामापुरतं. पहाटे अंधारात घंटा होते, वंदना, मग बसणं आणि चालणं, आलटून पालटून. पण भिक्खूंना पैसा हाताळता येत नाही, रांधता येत नाही, उद्यासाठी अन्न ठेवता येत नाही. जे कोणी हातात देईल ते आणि तेही दुपारच्या आत. म्हणजे त्यांना तीन महिने स्वस्थ बसायचं असेल, तर दुसऱ्या कोणाला तरी तीन महिने इथे उभं राहावं लागतं. त्या उभं राहणाऱ्यांत मी आहे. आम्ही भाज्या चिरतो, भांडी घासतो, जिने पुसतो, दारात आलेल्यांना उत्तरं देतो. थाई आणि श्रीलंकन कुटुंबं लांबून भोजनदान घेऊन येतात, अजून गरम असलेली पातेली गाडीतून उतरवतात. दुपारनंतर आम्हीही हॉलमध्ये जाऊन बसतो.

पहिल्या दिवसांत मला फक्त झोप आली. आसनावर बसलं की मान खाली. मला वाटत होतं की ध्यान म्हणजे मन लख्ख होणं, आणि इथे तर शरीराने वर्षानुवर्षांचा शीण बाहेर काढायला घेतला होता. मग एका प्रवचनात बुद्धांचे शिष्य मोग्गल्लान यांची गोष्ट ऐकली. तेही बसल्या बसल्या पेंगत होते. बुद्धांनी त्यांना एकापुढे एक उपाय सांगितले: कान ओढ, डोळ्यांना पाणी लाव, चांदण्यांकडे बघ, उठून चाल. आणि एवढं करूनही झोप गेली नाही, तर उजव्या कुशीवर आडवा हो. अग्रश्रावकाला दिलेला शेवटचा उपाय झोपण्याचा होता, ताई! तेव्हापासून मी झोपेशी भांडायचं सोडलं. हळूहळू ती आपणच कमी झाली. मग जे उरलं ते नेहमी सुखाचं नव्हतं. आईच्या शेवटच्या दिवसांत जे रडले नव्हते ते इथे रडले. त्याबद्दल भेटल्यावर बोलू.

तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे. तू दवाखान्यात काम करतेस, म्हणून तुला अतिसाराने आजारी पडलेल्या त्या भिक्खूची गोष्ट माहीत असेल. स्वतःच्याच मलमूत्रात तो पडून होता आणि कोणी जवळ फिरकत नव्हतं. बुद्ध आणि आनंद यांनी त्याला धुतलं, उचलून खाटेवर ठेवलं. ही गोष्ट आपण सेवेसाठी सांगतो, पण तिच्यातलं एक वाक्य सोडून देतो. बुद्धांनी बाकीच्या भिक्खूंना विचारलं, तुम्ही याच्याकडे का बघत नाही? ते म्हणाले, हा कोणाच्याच उपयोगी पडत नाही, म्हणून. बुद्धांनी नेमका तोच हिशोब नाकारला. काळजी ही उपयोगाची मजुरी नव्हे. मला वाटतं, विश्रांतीचंही तसंच आहे. ती आधी राबून कमवायची आणि मग घ्यायची, हा नियम आपल्यावर दुसऱ्यांनी लादला. ज्यांच्या आजा-पणजांना बसलेलं कोणाला बघवलं नाही, त्यांनी तरी ‘बसण्याचा उपयोग काय’ असं विचारू नये.

आईच आठव. भंडाऱ्यात असताना सूप मांडीवर घेऊन ती विड्या वळायची. बोलताना, रागावताना, जेवण शिजत असतानासुद्धा हात चालूच. फक्त वर्षावासात संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन असायचं तेव्हा ती पांढरं लुगडं नेसून जायची आणि तासभर हात पदराखाली ठेवून ऐकायची. तिला त्यातलं सगळं कळत होतं असं नाही. पण ते हात थांबलेले असायचे. तो तास तिला वस्तीने दिला होता, कारण वस्तीतल्या सगळ्याच बाया त्या वेळी कामं आवरून येत होत्या. एकटीने तिला तो कधी मिळाला नसता.

बाबासाहेबांच्या प्रश्नाला इथे उत्तर सापडलं असं मी म्हणत नाही. समाजाकडे पाठ फिरवून बसलेला संघ त्यांना नको होता आणि मलाही नको. पण वर्षावासाच्या नियमांतही आईवडील आजारी असले, तर निरोप आला नाही तरी भिक्खूला सात दिवसांसाठी जायची मुभा आहे. थांबणं म्हणजे सुटून जाणं नव्हे, हे ते नियम करणाऱ्याला पक्कं कळत होतं. इथली माणसं एप्रिलमध्ये पुन्हा कामाला लागतील, शाळांत, तुरुंगांत, आजाऱ्यांच्या उशाशी जातील. पण त्यांचे हे तीन महिने त्या कामाची तयारी म्हणून मोजायला माझं मन घेत नाही. ते महिने त्यांच्या परीने पुरे आहेत.

आता तुझं. रात्रपाळी, वॉर्ड, घरी नातवंडं, आणि रविवारी वस्तीतल्या मुलींचा वर्ग. गुडघ्यांचं तू पत्रात एका ओळीत उरकलंस, पण ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. ‘रिटायर झाल्यावर बसेन’ म्हणतेस. आईही म्हणायची, धाकटीचं लग्न झालं की बसेन.

तुला इंग्लंडात ये म्हणत नाही. ही थंडी तुझ्या गुडघ्यांना सोसायची नाही. इगतपुरीच्या धम्मगिरीवर विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरं वर्षभर असतात, फी नाही, सगळं दानावर चालतं. खाली बसता येत नसेल तर खुर्ची मागता येते. राज्य सरकारच्या सेवेत विपश्यनेसाठी रजेची सोय आहे, ती तुला कशी लागू होते ते कार्यालयात जाऊन विचार. मी एप्रिलमध्ये नागपूरला येतेय. ते दहा दिवस घर मी बघेन, नातवंडांचे डबे, औषधं, रविवारचा वर्ग सगळं. मुलींना काय शिकवायचं राहिलंय तेवढं एका वहीत लिहून ठेव आणि फॉर्म भरून टाक.

भाऊजींना जय भीम, पोरांना खूप माया.

तुझी,
धाकटी