वेल्ड शॉपमधून डाफ्ट पंक

निगडी प्राधिकरण,
रविवार

चि. भाचीबाईस,

तू फोनमध्ये भरून दिलेले डाफ्ट पंकचे चारही स्टुडिओ अल्बम ऐकून झाले. मध्येच उड्या मारायच्या नाहीत, असा तुझा दम होता, तो पाळला. कंपनीच्या बसमध्ये दुसरं काम नसतं, आणि तळवड्याच्या चौकातल्या ट्रॅफिकची कृपा अशी की जाता-येता एक अल्बम आरामात संपतो. नुसता अंगठा पाठवला असता तर म्हणाली असतीस, मामाने ऐकलंच नाही. म्हणून हा कागद.

तोमा बांगाल्तेर आणि गी-मान्युएल द ओमेम-क्रिस्तो हे पॅरिसच्या शाळेतले दोस्त. 'होमवर्क' 1997 साली आला तेव्हा त्यांची रोबोसारखी हेल्मेटं नव्हतीच. ती 2001 च्या 'डिस्कव्हरी'च्या वेळी डोक्यावर चढली. पहिला अल्बम तोमाच्या घरातल्या खोलीत बसून केला, म्हणून त्याचं नाव होमवर्क. मला तोच सगळ्यात आवडला. 'अराउंड द वर्ल्ड'मध्ये तेच तीन शब्द शंभराहून जास्त वेळा येतात. तुझी मामी स्वयंपाकघरातून म्हणाली, "अडकलंय का ते?" अडकलं नव्हतं. शब्द जागेवर असतात, पण खालचा बेस चालत राहतो, एकेक आवाज येतो, निघून जातो. आठ तास लाइनवर उभ्या राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

आमच्या लाइनवरच्या रोबोला तोंड नाही, नुसता एक हात आहे. त्याला स्पॉट वेल्डिंगची गन. गन मिटते, करंट, क्षणभर दाब, उघडते, पुढचा पॉइंट. ठरावीक स्पॉट झाले की तांब्याची टिप बोथट होते. मग हात आपणहून वळतो, टिप ड्रेसरमध्ये टोक घालून छिलून घेतो आणि परत कामाला लागतो. ताल मोडतो तो तेवढाच. नव्या पोरांना वाटतं रोबो आपलं आपण करतो. अगं, त्याला एकेक पॉइंट कुणीतरी टीच पेंडंट, म्हणजे शिकवायचा रिमोट, हातात धरून, अगदी हळू वेगात शिकवलेला असतो. नंतर ऑटोवर टाकायचं. कुणी शिकवलाय तेही मला लांबून कळतं. एकाचा रोबो क्लॅम्पला अगदी चिकटून जातो, दुसऱ्याचा उगाच लांबचा वळसा घेतो. वळण शिकवणाऱ्याचं, राबणं तेवढं रोबोचं.

'ह्यूमन आफ्टर ऑल' (2005) सोडलास तरी चालेल, असं तू म्हणाली होतीस. मी मुद्दाम दोनदा ऐकला. आधीच्या अल्बमांना याहून कितीतरी जास्त वेळ घेणाऱ्या या दोघांनी हा साधारण सहा आठवड्यांत उरकला, आणि तेच तेच आहे म्हणून समीक्षकांनी झोडपला. तेच तेच असण्याला माझी हरकत नाही. पॉइंट नीट न शिकवता ऑटोवर टाकलाय, ही हरकत आहे. पुढे 2006-07 च्या दौऱ्यात त्यांनी हीच गाणी जुन्या गाण्यांत मिसळून वाजवली. 'अलाइव्ह 2007'मध्ये ती ऐक, कुठच्या कुठे गेलीत. हा अल्बम तू मला का दिला नाहीस?

शेवटचा 'रँडम अ‍ॅक्सेस मेमरीज', 2013 चा. यंत्रातले ठोके जवळजवळ बंद. ड्रमवर ओमर हकीम आणि जे. आर. रॉबिन्सन, गिटारवर नाइल रॉजर्स. म्हणजे रोबोंनी माणसं कामावर घेतली. आमच्याकडे उलटं चाललंय. पुढच्या वर्षी त्याला सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. वाजवलंय देखणं, पण मधला भाग मला सैल वाटला. बसमध्ये झोप लागली ती तिथेच. नंतर त्यांनी स्टुडिओ अल्बम केलाच नाही आणि फेब्रुवारी 2021 मध्ये जोडी मोडली.

आता माझ्याकडून तुला एक. 1982 साली मुंबईत चरणजित सिंग यांनी एक रेकॉर्ड केली. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत गिटार वाजवणारा हा माणूस. 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' हे नाव. रोलंडची तीन यंत्रं: ज्युपिटर-8, ठोक्यांसाठी टीआर-808, बेससाठी टीबी-303. एचएमव्हीने काढली, कुणी फारशी विचारली नाही. पाच वर्षांनी शिकागोच्या फ्युचर या मंडळींनी 303 पिळून 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' काढलं आणि त्यातून अ‍ॅसिड हाउस उभं राहिलं. तुझ्या 'होमवर्क'वरच्या 'दा फंक'मधला तो चिरकणारा आवाज त्याच 303 चा. चरणजितांची रेकॉर्ड 2010 मध्ये पुन्हा निघाली तेव्हा काहींना ती चक्क बनावट वाटली.

303 खरं तर बेस वाजवणारा साथीदार नसलेल्यांसाठी काढलेलं यंत्र. ते खपलं नाही, 1984 मध्ये बंदच झालं. त्यात सोळा घरं; प्रत्येकात सूर भरायचा, आणि एक सूर दुसऱ्यात घसरत न्यायचा तर तसं सांगायचं. सगळं शिकवणंच. कंपनीने ती घसरण बेस गिटारच्या नकलेसाठी दिली होती. चरणजितांच्या तोडीत मला तिथे सरळ मींड ऐकू येते. चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या डब्यात ज्याने ती भरली, त्याचा कान कसला तयार असेल! आणि सुरुवात कशाने? भैरवीने. आपल्याकडे मैफल जिथे संपते, तिथून हे गृहस्थ निघतात.

ही रेकॉर्ड मंडळाच्या पोरांना ऐकवली. पाच मिनिटं थांबून एकाने विचारलं, "काका, ड्रॉप कधी येतो?" येतच नाही म्हटल्यावर डॉल्बीवाल्याने पेनड्राइव्ह परत दिला.

तू येशील तेव्हा तुझा मोठा स्पीकर घेऊन ये. 808 चा खर्ज फोनमधून येत नाही, आणि मालकंस मला एकदा पूर्ण ऐकायचाय.

तुझा,
मामा