इतेवॉनची गल्ली

सेऊल शहरात भुयारी आगगाडीने इतेवॉन स्थानकावर उतरून पहिल्या क्रमांकाच्या दाराने वर आले की काही पावलांवर एक गल्ली लागते. लांबी सुमारे चाळीस मीटर, आणि अरुंद जागी रुंदी जेमतेम सव्वातीन मीटर. मात्र तिची चढण अशी, की जपूनच पाऊल टाकावे. आपल्याकडच्या कोणत्याही जुन्या पेठेत असे बोळ डझनावारी सापडतील.

माझी भाची या शहरात शिकते. हॅलोविनच्या रात्री तिने मैत्रिणींबरोबर बाहेर जावे की नाही, यावर आमचा वाद चालला होता. मी नकोच म्हणत होते. तेव्हा तिनेच मला या गल्लीत आणले.

हॅलोविन म्हणजे ख्रिस्ती सर्वसंतदिनाची आदली रात्र, ३१ ऑक्टोबर. आयर्लंडकडची ही चाल अमेरिकेत फोफावली आणि अलीकडे कोरियातील तरुणांनी ती उचलली. इतेवॉनला पूर्वीपासून अमेरिकन लष्करी तळाचा शेजार लाभल्याने येथे तिचा थाट अधिक. भुताखेतांची सोंगे घेऊन मुलेमुली हिंडतात. कोकणातील शिमग्याची सोंगे पाहिलेल्यांना त्यात नवल वाटणार नाही.

२९ ऑक्टोबर २०२२ हा शनिवार होता. साथीचे निर्बंध उठल्यावरचा हा पहिलाच हॅलोविन. वस्तीत लाखभर माणसे लोटली. या गल्लीत वरून उतरणारे आणि खालून चढणारे समोरासमोर अडले. 'माणसे चेंगरतील' असे सांगणारा पहिला दूरध्वनी पोलिसांना सायंकाळी ६.३४ वाजता गेला, आणि रात्री सव्वादहापर्यंत असे अकरा दूरध्वनी गेले. उत्सवाला कोणी संयोजक नव्हता. त्यामुळे गर्दीच्या नियोजनाची जबाबदारी कोणी आपली मानलीच नाही. त्या दुर्घटनेने १५९ बळी घेतले. बहुतेक विशीतिशीतले, २६ परदेशी.

या घटनेसाठी इंग्रजी वृत्तांत 'स्टँपीड' हा शब्द वारंवार आला. त्याचा मूळ अर्थ बिथरलेल्या गुरांची पळापळ. येथे तर पळायला जागाच नव्हती. भाषांतराचा धंदा करणाऱ्या मला आपला 'चेंगराचेंगरी' हा शब्दच अधिक खरा वाटतो. छाती फुगण्यास वाव उरत नाही आणि माणूस उभ्याउभ्या गुदमरतो. बळी पडलेल्यांना बेशिस्त म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

"मावशी, मी घरी बसेन गं," भाची म्हणाली, "पण गर्दी काय हॅलोविनलाच असते? दादरला नसते?" मला एल्फिन्स्टन रोडचा पूल आठवला. २०१७ मध्ये त्याच्या जिन्यावर २३ माणसे गेली. ती कोणत्याही उत्सवाला निघालेली नव्हती.

मग तिने आपले शिक्षण मला दिले. चौरस मीटरमागे पाच माणसे, म्हणजे खांद्याला खांदे भिडू लागले, की तेथून निघावे. पावले आपल्या ताब्यात राहिली नाहीत की उशीर झालाच. सापडलोच तर दोन्ही हात मुठी वळून छातीपुढे धरावेत, म्हणजे श्वासापुरती जागा राहते. उलट लोटू नये. लाट ओसरताच तिरके सरकत कडेकडे जावे, भिंतीशी मात्र दाबले जाऊ नये. ओरडून दम घालवू नये. पायातील जोडा निसटला तरी वाकू नये. पडल्यास कुशीवर वळून डोके झाकावे. मैत्रिणींनी भेटण्याची जागा आधीच ठरवावी, पेला आपल्याच हाती ठेवावा, आणि जिला चढली असेल तिला क्षणभरही एकटी सोडू नये. येथे पोलिसांचा क्रमांक ११२, रुग्णवाहिकेचा ११९.

२०२३ मध्ये या गल्लीला 'स्मृती व सुरक्षेचा मार्ग' असे नाव मिळाले. स्मृतिफलकापाशी कोणी फुले ठेवली होती. आम्ही दोघी थोडा वेळ तेथे उभ्या राहिलो.

ती गेली. होंगदे या विद्यापीठालगतच्या वस्तीत, पाचजणी मिळून. मी तिच्या खोलीत पुस्तक उघडून बसले. पान काही उलटले नाही. साडेदहाला तिचा संदेश आला: 'गर्दी वाढली, आम्ही परत फिरलो. कोपऱ्यावर गरम शेवया खातोय. येतेस?'

मी चपला घातल्या.