तीन पिवळ्या वेडेलिया

पेडणे आणि डिचोली या उत्तर गोव्यातील तालुक्यांत, पाऊस ओसरल्यावरही जिथे ओल टिकून राहते तिथे, जमिनीलगत पसरणारी आणि पिवळी गोल फुले धरणारी एक वनस्पती सहज नजरेस पडते, आणि ती सर्वत्र एकच आहे असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात या एका पिवळेपणामागे निदान तीन जाती असून त्यांपैकी एक समुद्र व खाडीकाठची, दुसरी शेतबांधांवरील ओलसर जागांची, तर तिसरी अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातून बागेत आणि बागेतून ओहोळांत शिरलेली आहे. या तिन्ही दीर्घकाळ ‘वेडेलिया’ या एकाच प्रजातीत गणल्या जात. हे नाव येना येथील वैद्यकाचे प्राध्यापक गेओर्ग वोल्फगांग वेडेल यांच्यावरून १७६० मध्ये देण्यात आले होते. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ प्रुस्की यांनी १९९६ मध्ये बांधावरची आणि बागेतली या दोघींना ‘स्फॅग्नेटिकोला’ या प्रजातीत हलवले, आणि किनाऱ्यावरची आता ‘वोलॅस्टोनिया बायफ्लोरा’ या नावाने ओळखली जाते. रोपवाटिकांत मात्र अजूनही ‘वेडेलिया’ हेच नाव चालते आणि ते फक्त परदेशी जातीपुरते वापरले जाते, ही या गोंधळाची एक बाजू आहे.

सूर्यफुलाच्या कुलात ज्याला आपण फूल म्हणतो ते खरे तर लहान फुलांचे डोके, म्हणजे स्तबक असते: कडेला पाकळ्यांसारखी दिसणारी किरणपुष्पके, मध्ये नळीसारखी बिंबपुष्पके, हे सर्व ज्यावर बसलेले असते ते पुष्पासन, आणि खालून वेढणारा हिरव्या छदांचा घेर. जाती ओळखताना डोळा आधी किरणपुष्पकांच्या वर्तुळाकडे जातो आणि नेमका तिथेच फसतो, कारण रंग, संख्या व लांबी यांत या तिन्ही जातींच्या मर्यादा एकमेकींवर चढतात आणि एकाच वेलीवरही त्या बदलतात. उत्तर अमेरिकेतील कुरणांत रुडबेकिया आणि रॅटिबिडा या पिवळ्या शंकुफुलांच्या बाबतीतही अभ्यासकांना पाकळ्या सोडून मधल्या शंकूकडे आणि पानांच्या विभागणीकडेच वळावे लागते.

पान हे पहिले विश्वसनीय लक्षण होय. मोरजी, मांद्रे, हरमल या किनारपट्टीवर आणि तेरेखोल-शापोरा यांच्या खाडीकाठी शोधावी ती वोलॅस्टोनिया झुडपांवर चढत जाते. तिची पाने रुंद, अंडाकृती, दातेरी कडांची व स्पष्ट देठाची असतात आणि पानाच्या तळापासूनच तीन ठळक शिरा निघतात. शिवाय तिची स्तबके फांदीच्या टोकाला पुष्कळदा दोन-तीन मिळून येतात, तर उरलेल्या दोघींत लांब दांड्यावर एकेकटे स्तबक असते. बांधावरची जात, म्हणजे पिवळा माका, अरुंद, लांबट, जवळजवळ बिनदेठाची आणि खरखरीत पाने धरते, ज्यांच्या कडांवर फार तर विरळ दाते असतात. बागेतल्या ‘ट्रायलोबेटा’चे पान जाडसर व तुकतुकीत असून त्याला बहुधा तीन खंड पडतात. येथे ‘बहुधा’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण याच वेलीवर खंड न पडलेली पानेही येतात आणि एका पानावरून निर्णय करणारा तिला पिवळा माका समजून मोकळा होतो. म्हणून तोडलेली फांदी नव्हे, तर पसरलेली संपूर्ण वेल पाहणे आवश्यक ठरते.

पानाने शंका मिटली नाही तर फळाकडे जावे लागते. या कुलातील कोरडे, एकबीजी फळ सामान्यतः बी म्हणूनच ओळखले जाते आणि त्याच्या माथ्यावर पाकळ्यांखालच्या निदलपुंजाचा अवशेष, म्हणजे पिच्छ, असतो. स्फॅग्नेटिकोलाच्या दोन्ही जातींत तो झालरीच्या कडेच्या लहानशा कपासारखा राहतो, तर वोलॅस्टोनियाच्या फळाचा माथा सपाट कापल्यासारखा असून त्यावर पिच्छ नसते किंवा एखाद-दुसरा राठ केस उरतो. सड्यांवर भाद्रपदात फुलणारी सोनकी लांबून याच गटातली वाटते, परंतु तिच्या फळावर पांढऱ्या मऊ केसांचा झुबका असतो आणि तिच्या पुष्पासनावर, वेडेलियांत असतात तशी, प्रत्येक बिंबपुष्पकाला कवेत घेणारी तुसे नसतात. ती कुलाच्या वेगळ्याच शाखेतली आहे. गणेशचतुर्थीच्या माटोळीसाठी, म्हणजे मूर्तीवर टांगायच्या रानफळा-फुलांच्या सजावटीसाठी, रान धुंडाळणाऱ्यांना सोनकी वेगळी काढायला भिंगाची गरज पडत नाही, हेही खरे.

हा भेद केवळ वर्गीकरणाच्या हौसेपुरता नाही. पिवळा माका देशी औषधांत वापरला जातो आणि वेडेलोलॅक्टोन हे संयुग रसायनशास्त्रज्ञ गोविंदाचारी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये याच वनस्पतीतून वेगळे करून तिच्या तेव्हाच्या नावावरून त्याचे नामकरण केले. त्यामुळे पिवळ्या माक्याच्या नावाने ट्रायलोबेटा गोळा होणे ही औषधाच्या दृष्टीने चूकच ठरते. ट्रायलोबेटा ही जगातील १०० सर्वांत उपद्रवी परकी आक्रमक जातींच्या यादीत आहे; बियांपेक्षा पेरापेरांना फुटणाऱ्या मुळांवर तिचा अधिक भर असल्याने बागेतून उपटून ओहोळात फेकलेला तुकडाही पुढच्या वळणावर रुजतो, आणि डिचोलीतील ओलसर शेतबांध, जे पिवळ्या माक्याचे स्वाभाविक घर आहे, तेच तिलाही मानवते. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात या दोघी शेजारी वाढल्याने त्यांचा नैसर्गिक संकर निर्माण झाल्याचे सिद्ध झाले आहे. म्हणून एकाच बांधावर दोन्ही आढळल्या तर ना धड तीनखंडी ना धड अरुंद अशा पानांची वेल निराळी गोळा करून, फूल, पक्व फळ आणि पेराची मुळे यांसह तिचा नमुना दाबून ठेवावा, आणि तिचे परागकण सूक्ष्मदर्शकाखाली तपासावेत, कारण संकरात त्यांपैकी पुष्कळ वांझ निघतात.