वाऱ्याचे फूल

लेस्टर हे इंग्लंडच्या मध्यभागातले शहर. मोजे आणि विणलेले कपडे यांच्या कारखान्यांवर ते वाढले. आज बेलग्रेव्ह रोडवरच्या दिवाळीमुळे ते आपल्याकडेही ठाऊक झाले आहे. फुलांसाठी त्याचे नाव कोणी घेत नाही. पण सप्टेंबरात तिथल्या गल्ल्यांतून हिंडताना विटांच्या कुंपणांवरून डोकावणारी पांढरी, गुलाबी फुले मला जागोजाग भेटली. तीन-चार फूट उंच, बारीक देठाची, जरा वारा सुटला की डुलणारी. हे ॲनिमोन. ग्रीक भाषेत ‘ॲनेमॉस’ म्हणजे वारा, आणि आपला ‘अनिल’ त्याच कुळातला. भाषेच्या मास्तराला परमुलखात असा एखादा नातलग भेटला, की त्याचा दिवस सार्थकी लागतो!

थोरल्या बहिणीच्या परसात मात्र नुसती माती होती.

“काहीतरी लाव की, ताई.”

“लावून काय करू? दोन-चार वर्षांत पुण्याला परतायचंच आहे.”

हे वाक्य मी सत्तावीस वर्षे ऐकत आलो आहे. तरी तिला रोपवाटिकेत घेऊन गेलोच.

तिथे ॲनिमोनच्या तीन तऱ्हा निघाल्या. एकीचे सुंठेच्या तुकड्यांसारखे वाळके कंद. रात्रभर भिजवून दोन इंच खोल पुरायचे, की वसंतात तांबडी, निळी, जांभळी फुले. पण तिला ऊन हवे आणि पाणी झिरपणारी जमीन. ताईचे परस सावलीचे, माती चिकण, कंद कुजायचेच. दुसरी रानातली, नाजूक, सावलीत सुखाने राहणारी. पण ती शंभर वर्षांत जेमतेम सहा फूट पसरते म्हणे. एवढा दम कुणाला?

राहिली ती गल्ल्यांतली. तिला म्हणतात जपानी, पण मूळची ती चीनची. रॉबर्ट फॉर्च्यून या वनस्पतिसंग्राहकाला ती शांघायजवळच्या थडग्यांवर फुललेली दिसली आणि १८४०च्या दशकात त्याने ती लंडनला धाडली. तिथे नेपाळहून आलेल्या एका हिमालयी ॲनिमोनशी तिचा संकर झाला. म्हणजे निम्मे माहेर आपल्याच बाजूचे! अर्धी सावली तिला चालते, चिकण मातीही सोसते. मात्र स्वभाव हट्टी. जागा बदललेली तिला खपत नाही. पहिली एक-दोन वर्षे रुसून बसते. आणि एकदा रुजली, की उपटून निघत नाही. मुळाचा तुकडा राहिला तरी पुन्हा फुटते. “जागा विचार करून ठरवा,” दुकानदार म्हणाला.

ताई बराच वेळ त्या कुंड्यांपाशी उभी राहिली.

“म्हणजे भरघोस फुलायला तिसरं वर्ष उजाडणार?” तिने विचारले. मग ‘ऑनोरीन जोबेर’ या पांढऱ्या जातीची तीन रोपे उचलली. ही जात १८५८ साली फ्रान्समधल्या व्हर्दँला निपजली. हिरव्या बोंडाभोवती पिवळ्या केसरांचे कडे, फार देखणे.

दोन-दोन फुटांवर खड्डे घेऊन, पालापाचोळ्याचे खत घालून आम्ही ती लावली. निघायच्या दिवशी मी सहज पुण्याच्या फ्लॅटचा विषय काढला.

“थांब रे,” ताई म्हणाली, “आधी झाडांना पाणी घालून येते.”