वाटेंत हरवलेले दोन व्होल्ट

कोणतेंही यंत्र अडलें कीं माणसाची दृष्टि आधीं त्याच्या दोन टोकांकडे जाते. दिवा मंद झाला तर दिवा बदलावा. त्यानें भागलें नाहीं तर बॅटरी बदलावी. ह्या दोहोंना जोडणारी तार मात्र सर्वांच्या संशयांतून सुटते. ती तुटलेली दिसत नाहीं ना, मग तिच्याकडे पाहावयाचें तें काय?

आमच्या घरीं १९९२ सालीं घेतलेली एक मोटारसायकल आहे. आमचे थोरले बंधू तिच्यावरून वीस-पंचवीस वर्षें शाळेंत शिकवावयास जात. आतां ते नाहींत, गाडी आहे. गेल्या दोन पावसाळ्यांपासून तिनें कुरकुर चालविली होती. दहा-दहा किका मारल्यावर सुरू व्हावें, दिवा लावतांच अडखळावें आणि चढावर धापा टाकाव्या, असा तिचा क्रम झाला. कारागिरानें प्लग बदलला, कॉइल बदलली, शेवटीं बॅटरीही नवी घातली. गुण येईना. तेव्हां वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आतां ती भंगारांत देऊन टाका. तिचे असे हाल मला पाहवत नाहींत." त्यांच्या शब्दापुढें आम्ही काय बोलणार? आम्हीं फक्त एका रविवारची मुदत मागून घेतली.

मीटर लावला तों बॅटरीवर १२.६ व्होल्ट. पॉइंट उघडे असतां कॉइलवर पाहिलें, तेथेंही तेवढेच. एवढ्यावर कोणीही तारेला निर्दोष ठरविलें असतें. परंतु इंजिन हळूच फिरवून पॉइंट मिटविले, कॉइलमधून प्रवाह वाहूं लागला, आणि चमत्कार दिसला. बॅटरीवर १२.४ आणि कॉइलवर १०.४! पुरे दोन व्होल्ट वाटेंत नाहींसे झाले होते.

ह्यांत गूढ कांहीं नाहीं. दाब, प्रवाह आणि रोध ह्यांचें नातें जर्मनीच्या गेओर्ग ओमनें १८२७ सालींच ग्रंथरूपानें मांडलें. मायदेशीं त्याचें प्रथम चीज झालें नाहीं. लंडनच्या रॉयल सोसायटीनें १८४१ सालीं त्याला कोप्ले पदक दिलें. त्याचा नियम असा, कीं वाटेंत खर्ची पडणारा दाब म्हणजे प्रवाह गुणिले रोध. प्रवाहच नसेल तर सांधा कितीही गंजलेला असो, खर्च शून्य. कोंदलेल्या नळाची तोटी बंद असते तोंवर दाब पुरा भासतो. तोटी उघडली कीं करंगळीएवढी धार येते, तसेंच हें.

दोन व्होल्ट म्हणजे थोडके वाटतात. पण कॉइलमध्यें सांठणारी शक्ति प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत असते. प्रवाह सहाव्या हिश्शानें घटला कीं ठिणगीला मिळणारी शक्ति तीस टक्क्यांनीं घटते. मग दिव्यानें आणखी थोडा दाब ओढला कीं ठिणगी विझणारच.

चोर शोधण्याची रीत सोपी आहे. पॉइंट मिटलेले व किल्ली चालू ठेवून मीटरचीं दोन टोकें प्रत्येक सांध्याच्या अलीकडे व पलीकडे लावावीं. जो आकडा दिसेल ती त्या सांध्याची चोरी. मात्र प्रत्येक वेळीं कांहीं क्षणांतच किल्ली बंद करावी, नाहींतर कॉइल तापते. आमच्या मोजणींत फ्यूजपाशीं ०.३, किल्लीच्या स्विचमध्यें १.१ आणि टाकीखालच्या जोडांत ०.६ असा हिशेब लागला. बेरीज बरोबर दोन! तिन्ही ठिकाणीं तांब्यापितळेवर हिरवट गंज चढला होता. पॉलिशपेपरनें तो खरवडला, दोन टोकें नवीं बसविलीं, स्विच उघडून साफ केला. पुन्हां मोजलें तेव्हां तूट अवघी ०.२ राहिली.

त्या दिवसापासून एक विचार आमच्या मनांत घोळत आहे. निवांत बैठकींत बोलतांना सगळ्यांचेच व्होल्ट पुरे भरतात. आप्तेष्ट, सभासंस्था, आणि आम्हीही, कोणाच्याच आकड्यांत तेव्हां उणें दिसत नाहीं. भार पडल्यावर दुसऱ्या टोकाला जें पोहोंचतें तेंच खरें. आणि तें कमी भरलें, तर मूळ माणूस टाकाऊ ठरविण्याआधीं मधले सांधे एकदां पाहावे. बोलणें तुटलेलें नसतें. तें नुसतें गंजलेलें असतें.

कारागिरानें काढलेली जुनी कॉइल बंधूंच्या हत्यारांच्या पेटींत पडून होती. ती परत बसवून पाहिली. गाडी दुसऱ्या किकेला सुरू झाली. तिचा आवाज ऐकून वहिनी ओटीवर आल्या, थोडा वेळ उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, "बाजारांत जाणार असाल तर मलाही यायचें आहे."