पडदा कोणता?

सक्करदऱ्यातील एखाद्या शाळेत संमेलनाचे दिवस जवळ आले आणि नाटक बसवावयाचे ठरले, की मुलांच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो ‘राजा कोण होणार?’ हा, आणि दुसरा, ‘पडदे कोणते आणावयाचे?’ नाटक अद्याप लिहून व्हावयाचे असते, पात्रांची नावेही ठरलेली नसतात. परंतु पडद्यांची यादी मात्र तयार असते. राजवाडा, जंगल, रस्ता, बाग आणि तुरुंग! एवढे पाच पडदे भाड्याने मिळाले, म्हणजे जगातील कोणतेही नाटक करता येते, अशी मुलांची बालंबाल खात्री असते. तिला हसण्याचे कारण नाही. एके काळी नामांकित नाटकमंडळ्याही अशीच पडद्यांची गाठोडी घेऊन गावोगाव हिंडत असत.

समजा, सातवीच्या वर्गाने सीताबर्डीच्या लढाईवर नाटक करावयाचे मनात आणले. सक्करदऱ्याच्या मुलांना हा विषय सुचावा यात नवल ते काय? येथे भोसल्यांचा वाडा होता. विसाव्या शतकाच्या आरंभी राजे रघुजीराव भोसल्यांनी ताजुद्दीन बाबांना मोठ्या भक्तिभावाने आणून ठेवले ते याच वाड्यात. येथील तलावाच्या काठी खेळणाऱ्या मुलांना भोसल्यांचे नाव कोणी मुद्दाम शिकवावे लागत नाही. आणि ती लढाई तर नागपूरच्या भाग्याला कलाटणी देणारी. २६ नोव्हेंबर १८१७ रोजी संध्याकाळी तोफा सुरू झाल्या. एका बाजूस आप्पासाहेब भोसल्यांची फौज, दुसऱ्या बाजूस सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर ठाण मांडून बसलेली ईस्ट इंडिया कंपनीची फौज. रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झुंज चालली. जय कंपनीचा झाला आणि नागपूरच्या राज्याचे स्वातंत्र्य तेथून ओसरू लागले.

एवढी मोठी घटना रंगभूमीवर आणावयाची, तर मुले काय करतील? पहिला प्रवेश दरबाराचा, दुसरा बाजारातील कुजबुजीचा, तिसरा इंग्रज रेसिडेंटाच्या बंगल्याचा, चौथा प्रत्यक्ष टेकडीवरील लढाईचा आणि पाचवा पुन्हा दरबाराचा, असा थाट ती मांडतील. मग गुरुजी खडू हातात घेऊन फळ्यावर हिशेब मांडतील. नाटकाला वेळ मिळणार चाळीस मिनिटांचा. पाच प्रवेश म्हणजे चार वेळा देखावा बदलावयाचा. दर खेपेस तीन मिनिटे धरली, तरी बारा मिनिटे प्रेक्षकांनी अंधारात खोकत बसावयाचे! शिवाय रंगमंच चोवीस फूट रुंद. त्यावर दहा मुले लाकडी तलवारी घेऊन धावू लागली, तर ती लढाई न दिसता मधल्या सुट्टीतील गोंधळच दिसेल, आणि पुठ्ठ्याची टेकडी कोणाचा तरी पाय लागून कलंडली, म्हणजे आप्पासाहेबांच्या पराभवावरही लोक पोट धरधरून हसतील.

पडदा हवा, पण तो कशासाठी हवा, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. नागपूरहून फार दूर नसलेल्या रामटेकचा संबंध ज्याच्या ‘मेघदूता’शी जोडला जातो, त्या कालिदासाच्या नाटकांना रंगविलेले पडदे नव्हतेच. ‘शाकुंतला’च्या पहिल्याच अंकात राजा दुष्यंत रथात बसून हरणाचा पाठलाग करतो. त्या रंगभूमीवर ना रथ, ना घोडे. नटाने अंगविक्षेपांनी रथाचा वेग दाखवावयाचा आणि प्रेक्षकांनी तो पाहावयाचा. शकुंतला झाडांना पाणी घालते, तेही अभिनयानेच. नटाने रंगभूमीवर एक फेरी मारली, की तो एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोहोचला, असा संकेत होता. मुले अंगणात भातुकली मांडतात, तेव्हा त्यांना याहून वेगळे काय लागते?

मराठी नाटकाचा आरंभही साधाच होता. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हा अयोध्या, मिथिला आणि अरण्य ही सारी सूत्रधाराच्या गाण्यातून उभी राहत. पुढे मुंबईच्या पारशी मंडळ्यांनी रंगविलेल्या पडद्यांची मोहिनी लोकांवर घातली. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यास ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि त्यानंतर मराठी संगीत नाटकांतही देखाव्यांना मानाचे स्थान मिळत गेले. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी रंगविलेले पडदे असे हुबेहूब असत, की त्यांना पाहूनही लोक वाहवा करीत. ज्या बाबूरावांनी पुढे चित्रपट काढले आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला, ते आधी नाटकांचे पडदे रंगविणारे कसबी चित्रकार होते. त्यांच्या बाबतीत एक पडदा सुटला आणि दुसरा हाती आला, असेच म्हणावयाचे!

त्या काळच्या जवळजवळ प्रत्येक मंडळीजवळ रस्त्याचा एक पडदा असे. दोन बाजूंस घरे, मधून निमुळता होत गेलेला रस्ता. प्रत्येक नाटकात लोक रस्त्यातच का भेटतात, असा प्रश्न चौकस मुलाला पडेल. त्याचे उत्तर पडद्यामागे होते. हा पडदा रंगभूमीच्या पुढच्या भागात सोडीत आणि त्याच्यासमोर दोन विनोदी पात्रे काही वेळ गप्पा मारीत. तेवढ्या वेळात मागे पायांचा आवाज न करता माणसे सिंहासन मांडीत, खांब उभे करीत. रस्त्याचा पडदा वर गेला, की दरबार सज्ज! नाटककारालाही हे ठाऊक असे. म्हणून तो तशाच बेताने प्रवेश लिहीत असे. देखाव्यासाठी नाटक वाकविण्याची ही रीत सोयीची खरी. पण तिची सवय लागली, म्हणजे नाटक रस्त्यातच रेंगाळते.

सोय बाजूस राहून नुसती हौस उरली, तर काय होते, तेही मराठी रंगभूमीने पाहिले आहे. गंधर्व नाटक मंडळीने १९२० साली ‘द्रौपदी’ नाटक केले. त्यातील मयसभेच्या देखाव्यावर पैसा पाण्यासारखा ओतला गेला. बालगंधर्वांसारखा अलौकिक नट आणि गायक असूनही मंडळी कर्जात बुडाली. त्या कर्जाचे एकमेव कारण पडदे होते असे नव्हे. पण सोन्यासारख्या गळ्याला सोनेरी भिंतींची काय गरज होती, असे मनात आल्याखेरीज राहत नाही. याउलट १९२२ साली ललितकलादर्श मंडळीने मामा वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’ केले, तेव्हा पु. श्री. काळे यांनी गुंडाळावयाच्या पडद्याऐवजी भिंती असलेली खरीखुरी वाटणारी खोली उभी केली. ते नाटक त्या काळच्या साध्या माणसांचे होते. त्यांना बोलावयास तशीच खोली हवी होती. नाटकाने मागितले ते काळ्यांनी दिले.

पडद्यांची हौस अद्याप कोठे जिवंत पाहावयाची असेल, तर भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या मुलखात जावे. तेथील झाडीपट्टीची नाटके दिवाळीनंतर सुरू होतात आणि रात्रभर चालतात. देसाईगंज, म्हणजे वडसा, हे तेथील नाटकमंडळ्यांचे मोठे ठाणे. या रंगभूमीवर आयुष्य घालविलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. दिवसभर बैलांच्या शर्यती पाहून दमलेला शेतकरी पहाटेपर्यंत कांबळे पांघरून नाटकासमोर बसतो, तो केवळ रंगीत महाल पाहण्यासाठी बसत नाही, हे सांगावयास नकोच.

आता पुन्हा सातवीच्या वर्गात येऊ. ‘गुरुजी, टेकडी नको, तर लढाई दिसणार कशी?’ असे एखादा मुलगा रुसून विचारील. तेव्हा मागच्या बाकावरची एखादी मुलगी म्हणेल, ‘दिसायला कशाला हवी? ऐकू आली तर?’

या एका वाक्याने नाटकाचा प्रश्न सुटतो. लढाई सीताबर्डीवर, पण त्या रात्री शहरातील घराघरांत माणसे जागी असतीलच. महालातील एका घराचे अंगण घ्यावे. मुलगा फौजेत गेलेला. आई दिव्यात पुन्हापुन्हा तेल घालते आहे. आजोबा तोफांचे आवाज मोजीत आहेत. धाकटा भाऊ दाराकडे पळतो आणि दर वेळी त्याला कोणीतरी मागे ओढते. पडद्यामागे मोठा ढोल वाजला, की तोफ झाली. संध्याकाळपासून दुसऱ्या दुपारपर्यंतचा सारा काळ या एका अंगणात मावतो. पाच पडद्यांचे काम एकाच पडद्यावर आले. मात्र तो एक पडदा आता चुकून चालणार नाही.

भाड्याने मिळणारा राजवाडा येथे उपयोगाचा नाही. त्याचे संगमरवरी खांब, लाल मखमल आणि झुंबरे हे कोणत्याच गावचे नसते. नागपूरचा भोसल्यांचा राजवाडा काळ्या दगडाचा होता आणि लाकडावरील कोरीवकामाने नटलेला होता. १८६४ साली तो आगीत जळाला; मागे उरला तो नगारखान्याचा मोठा दरवाजा. सक्करदऱ्याहून महाल काही फार लांब नाही. मुलांनी वही-पेन्सिल घेऊन तेथे जावे. दगडाचा काळा रंग उन्हात कसा दिसतो आणि सावलीत कसा दिसतो, ते पाहावे. दरवाज्याजवळ एका मुलाला उभे करून, तो दरवाजाच्या मानाने केवढा दिसतो, तेही टिपून घ्यावे. मग जुन्या वस्तीतून हिंडत लाकडी खांब, ओसरी आणि कौलारू छपरे पाहत परत यावे. घरे साधीच काढावयाची आहेत. पण ती नागपूरची दिसली पाहिजेत.

चित्र काढताना काही गोष्टी मुळीच विसरून चालत नाही. नट ज्या वस्तूला हात लावणार, ती खरी असावी. ज्या वस्तूला लावणार नाही, ती रंगविलेली चालते. म्हणून तुळशीवृंदावन खरे मांडावे आणि शेजारची घरे पडद्यावर काढावी. ज्या दारातून धाकटा भाऊ पळणार, ते दार पडद्यावर काढले, तर बिचारा कापडावर आपटेल! दूरच्या वस्तू लहान काढतात, हे चित्रकलेच्या तासाला मुले शिकलेली असतात. पण नट त्या लहान घरांना खेटून उभा राहिला, तर त्याचे डोके छपराच्या वर निघते आणि घरे खेळण्यातली दिसू लागतात. म्हणून पडद्यापासून चार-पाच फूट जागा मोकळी सोडतात. सावलीचेही तसेच. दिवा समोर ठेवला आणि आजोबा मागे सरकले, तर त्यांची सावली थेट कोसभर दूरच्या आकाशावर पडते. दिवे बाजूस घेतले, की सावलीही बाजूस जाते.

सर्वांत मोठा वाद होईल तो चंद्रावरून. रात्रीचा देखावा आणि चंद्र नाही, हे मुलांना कसे पटावे? परंतु याच पडद्यापुढे रात्र सरून सकाळ व्हावयाची आहे. चंद्र एकदा रंगवून टाकला, की तो दुसऱ्या दिवशी दुपारीही मावळणार नाही. त्यापेक्षा आकाश फिकट राखाडी-निळे ठेवावे. दिव्यापुढे निळा कागद धरला, की रात्र. तो काढून पिवळा धरला, की पहाट. आकाश जितके कोरे, तितके ते प्रकाशाचे ऐकते.

कापड मांजरपाटाचे घ्यावे. पन्हे पुरत नाही, म्हणून पट्टे आडवे जोडून शिवावे. त्यावर सरस आणि खडूची पूड यांचा पातळ हात द्यावा. रंग जाड चढविला, तर पडदा गुंडाळताना त्याचे पोपडे उडतात. चोवीस फूट लांब आणि चौदा फूट उंच पडद्यावर एक-एक फुटाचे चौकोन कोळशाने आखले, तर ते होतात ३३६. लहान चित्रावर तेवढेच एकेक इंचाचे चौकोन आखून, ज्या चौकोनात जी रेषा असेल ती पडद्यावरच्या त्याच चौकोनात उतरवावयाची. वर्गात बेचाळीस मुले असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला आठ चौकोन येतात. कोणाच्या वाट्याला कोरीव खांब येईल, कोणाच्या वाट्याला खिडकी. एखाद्याच्या वाट्याला मात्र नुसते आकाश येईल आणि तो हिरमुसून कोपऱ्यात बसेल. त्याला कोणी समजावीत बसू नये. हातात मोठा कुंचला द्यावा. आकाशाचा रंग एकदाच भरपूर कालवावा लागतो, कारण संपल्यावर नव्याने कालविलेला रंग पहिल्याशी सहसा जुळत नाही. तेवढे त्याने सांभाळले, की झाले.

पडदा पुरता वाळावयास एक-दोन दिवस लागतील. तोवर तालीम वर्गाच्या चुनेभिंतीसमोर चालू ठेवावी. आईने दिव्यात तेल घालावे, आजोबांनी तोफा मोजाव्या आणि ढोल वाजविणाऱ्याने तेवढे दाराबाहेर बसावे.